ईसीजी: रुग्णांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील एका रुग्णालयात मी अनेक वर्षे ईसीजी (इलेक्ट्रोकार्डियोग्राम, म्हणजे हृदयातील विजेची नोंद) तंत्रज्ञ म्हणून काम केले. नोंदीची कागदी पट्टी निघेपर्यंत रुग्ण गप्प पडून असतात आणि पट्टी हातात आली की एकदम पाच प्रश्न विचारतात. समोरची बाई मराठी आहे असे कळले, तर आणखी पाच. त्यांतील वारंवार येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान आणि औषधे यांत मी शिरणार नाही. परंतु आपल्या हातात काय कागद दिला आहे, तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे रुग्णाला ठाऊक असले तर डॉक्टरांशी होणारे बोलणे अधिक नेमके होते, असा माझा अनुभव आहे.

ईसीजीमध्ये नेमके काय नोंदवले जाते?

हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्यापूर्वी त्याच्या स्नायूंतून एक अतिशय क्षीण विद्युत लहर जाते. ही लहर उजव्या अलिंदाच्या, म्हणजे उजव्या वरच्या कप्प्याच्या, माथ्याजवळ असलेल्या 'सायनस नोड' या पेशीपुंजातून निघते, दोन्ही वरच्या कप्प्यांत पसरते, मधल्या 'ए.व्ही. नोड'पाशी क्षणभर रेंगाळते आणि मग खालच्या दोन मोठ्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, वेगाने उतरते. शरीर विजेचे वाहक असल्यामुळे या लहरीचा अंश त्वचेपर्यंत पोहोचतो आणि यंत्र तो मोजून कागदावर उतरवते. पहिली छोटी टेकडी 'पी' ही वरच्या कप्प्यांची, उंच सुळका 'क्यूआरएस' हा खालच्या कप्प्यांची आणि त्यामागून येणारी गोलसर 'टी' लहर ही खालचे कप्पे पुढच्या ठोक्यासाठी पूर्वस्थितीला येत असल्याची खूण असते.

ही अक्षरे डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हन यांनी रूढ केली आणि ईसीजीवरील कामासाठी त्यांना १९२४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या काळी रुग्णाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आज ते काम बोटभर जेली करते.

यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. ईसीजी हे हृदयाचे छायाचित्र नाही. ती साधारण १० सेकंदांची विद्युत नोंद आहे. त्या १० सेकंदांच्या आधी काय झाले आणि नंतर काय होणार आहे, हे तो कागद स्वतःहून सांगत नाही. ते सांगण्यासाठी रुग्णाची तक्रार आणि जुना ईसीजी हे दोन साक्षीदार लागतात.

चाचणीत शरीरात वीज सोडतात का?

नाही. यंत्र फक्त शरीरातून येणारी वीज मोजते. त्यामुळे गरोदर स्त्रिया, लहान मुले, पेसमेकर बसवलेले रुग्ण अशा कोणाचाही ईसीजी निर्धास्तपणे काढता येतो. एकाच दिवशी चार वेळा काढला तरी अपाय नाही. छातीवर रबरी फुग्याचे चोषक लावले असतील, तर निघाल्यावर गोल लालसर वळ दिसतात आणि काही वेळात ते मावळतात.

तारा दहा लावतात, मग 'बारा लीड' कसे म्हणतात?

हातापायांना चार आणि छातीला सहा अशा दहा तारा असतात. त्यांपैकी उजव्या पायाची तार मोजणीत भाग घेत नाही. उरलेल्या नऊ जोडण्यांच्या निरनिराळ्या मेळांतून यंत्र बारा दृष्टिकोन तयार करते आणि त्या प्रत्येक दृष्टिकोनाला लीड म्हणतात.

आपल्याकडच्या माणसाला हे ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या उदाहरणाने चटकन पटते. उरवाईच्या बाजूने वर गेले, तर कड्यात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती दिसतात. किला गेटाकडून गेले, तर पायथ्याशी गूजरी महाल लागतो. किल्ला तोच, पण एका बाजूने पाहणाऱ्याला दुसऱ्या बाजूची पडझड दिसत नाही. हृदयाचेही तसेच आहे. 'दोन', 'तीन' आणि 'एव्हीएफ' ही लीड हृदयाच्या खालच्या बाजूकडून पाहतात, 'व्ही १' ते 'व्ही ४' समोरून, तर 'एक', 'एव्हीएल', 'व्ही ५' आणि 'व्ही ६' डाव्या कडेने. म्हणूनच बदल कोणत्या लीडमध्ये आहेत यावरून हृदयाचा कोणता भाग त्रासात असावा, याचा डॉक्टर अंदाज बांधतात.

चाचणीसाठी उपाशी यावे लागते का? आणखी काय तयारी करावी?

उपाशी राहण्याची गरज नाही. नेहमीची औषधे चालू ठेवावीत आणि त्यांची नावे लिहून आणावीत, कारण रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ठोके मंदावतात आणि काही प्रतिजैविके व मानसिक आजारांवरील काही औषधे 'क्यूटी' नावाचे अंतर ('क्यूआरएस'च्या सुरुवातीपासून 'टी' संपेपर्यंतचे) लांबवतात. ही माहिती नसेल, तर औषधाचा परिणाम आजार समजला जाऊ शकतो.

खरी अडचण तेलाची असते. थंडीत आपल्याकडे सकाळी अंगाला तेल चोळून आंघोळ करण्याची पद्धत आहे, आणि त्या तुकतुकीत छातीवर इलेक्ट्रोड, म्हणजे तारेच्या टोकाचा त्वचेवर लावायचा भाग, टिकत नाही. चाचणीच्या दिवशी तेल, मलम, पावडर काहीही लावू नये. उन्हाळ्यात हीच अडचण घामाने होते. तेव्हा पाच मिनिटे पंख्याखाली बसून अंग कोरडे करावे. छातीवर दाट केस असलेल्यांचे थोडे केस काढावे लागू शकतात. मंगळसूत्र, जानवे किंवा साखळी उतरवण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही, ती बाजूला सारली तरी पुरते. बांगड्यांचेही तसेच. मोबाइल मात्र खिशात किंवा छातीवर ठेवू नये.

स्त्रियांनी संकोच वाटल्यास काय करावे?

स्त्री तंत्रज्ञ मागावी, किंवा सोबतच्या बाईला आत थांबू देण्याची विनंती करावी. पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता सोयीचा पडतो, आणि वरून चादर घेऊन चाचणी करता येते. संकोचापोटी इलेक्ट्रोड कपड्यावरून किंवा भलतीकडे लावून घेणे मात्र टाळावे. चौथा, पाचवा आणि सहावा इलेक्ट्रोड स्तनाखाली, बरगडीलगत बसावा लागतो. तो दोन बोटे इकडेतिकडे झाला तरी रेषांचा आकार बदलतो, आणि वाचणाऱ्याला ते कागदावरून कळेलच असे नाही.

याचा एक घरचा नमुना सांगते. माझ्या मावशीने दौलतगंजातून येता येता एका ठिकाणी ईसीजी काढून घेतला. कागदाच्या माथ्यावर यंत्राने छापले होते, 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइंड'. म्हणजे हृदयाच्या मधल्या पडद्याला कधीतरी झटका बसलेला असू शकतो, पण तो किती जुना आहे हे सांगता येत नाही. मावशीला वाटले, यंत्राला तिचे वय कळले नाही. ती म्हणाली, "वय तर आधार कार्डावर लिहिलंय, त्यांनी विचारलं का नाही?" घरातल्या बाकीच्यांचा मात्र धीर सुटला होता. दुसऱ्या दिवशी मी तिचा ईसीजी पुन्हा काढला. पहिले दोन इलेक्ट्रोड उरोस्थीच्या दोन्ही बाजूंना चौथ्या बरगडी-अंतरात लावले आणि ती ओळ नाहीशी झाली. आदल्या दिवशी ते दोन वर, दुसऱ्या अंतरात लागले असावेत. ही चूक फार ठिकाणी होते. छापील शब्द आणि माणसाची प्रकृती यांचा मेळ बसत नसेल, तर चाचणी पुन्हा करून पाहण्याची विनंती करण्यात काहीही गैर नाही.

माझ्या ईसीजीची रेष थरथरत होती. हृदय थरथरत होते का?

बहुधा नाही. जानेवारीतील धुक्याच्या सकाळी गार टेबलावर शर्ट काढून झोपलेला माणूस कुडकुडतो, आणि त्याच्या हातापायांच्या स्नायूंची वीज हृदयाच्या विजेत मिसळते. त्यामुळे रेष करवतीच्या दात्यांसारखी उठते. कंपवाताच्या रुग्णांतही असेच दिसते. अशा वेळी पांघरूण घालून, हात शरीरालगत सैल सोडून, दोन मिनिटे थांबून पुन्हा नोंद घ्यावी. मी हीटर लावून ठेवत असे आणि जेली तळहातावर जरा कोमट करून लावत असे. चाचणी चालू असताना बोलू नये. श्वास रोखू नये, नेहमीसारखा घ्यावा.

कागदावरील चौकटींचा अर्थ काय?

कागद साधारणपणे सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. म्हणून आडवी एक लहान चौकट ०.०४ सेकंदाची आणि पाच लहान चौकटींची एक मोठी चौकट ०.२ सेकंदाची होते. उभ्या दिशेने १० मिलिमीटर म्हणजे १ मिलिव्होल्ट.

ठोके नियमित असतील, तर शेजारच्या दोन उंच सुळक्यांमधील मोठ्या चौकटी मोजाव्यात आणि ३०० ला त्या संख्येने भागावे. चार चौकटी असतील तर मिनिटाला ७५ ठोके, तीन असतील तर १००, पाच असतील तर ६०. विश्रांतीत ६० ते १०० ही प्रौढांची सर्वसाधारण मर्यादा मानतात. ठोके अनियमित असतील तर हा हिशेब चुकतो. तेव्हा १० सेकंदांच्या पट्टीतील सगळे सुळके मोजून त्यांना सहाने गुणावे.

'पीआर' हे अंतर ('पी'च्या सुरुवातीपासून 'क्यूआरएस'च्या सुरुवातीपर्यंतचे) ०.१२ ते ०.२० सेकंद असावे आणि 'क्यूआरएस'ची रुंदी ०.१२ सेकंदापेक्षा कमी असावी, असे आकडे कागदावर छापलेले असतात. ते अवश्य पाहावेत. पण एखादा आकडा मर्यादेच्या किंचित बाहेर गेला म्हणून रात्र जागवू नये.

कागदाच्या माथ्यावर यंत्राने लिहिलेले शब्द कितपत खरे मानावेत?

तो संगणकाचा मसुदा असतो. डॉक्टरांनी पाहून सही करेपर्यंत त्याला निदान म्हणता येत नाही. वेग आणि अंतरे यंत्र बरी मोजते. अर्थ लावताना ते चुकते. त्याला आपली तक्रार माहीत नसते, जुना ईसीजी त्याने पाहिलेला नसतो आणि धोका निसटू नये म्हणून ते थोडे जास्तच ओरडते.

'सायनस ऱ्हिदम' ही चांगली बातमी आहे: ठोका जेथून निघायला हवा तेथूनच निघतो आहे. 'सायनस ब्रॅडिकार्डिया' म्हणजे तोच ठोका, पण मंद. तो रोज पळणाऱ्या तरुणात आणि ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्या आजोबांतही दिसतो. मात्र सोबत घेरी किंवा बेशुद्धी असेल, तर त्याचा अर्थ बदलतो. 'सायनस ॲरिदमिया' वाचून पुष्कळ आज्या नातवासाठी नवस बोलतात. लहान मुलांत व तरुणांत श्वास आत घेताना ठोके जलद होणे आणि सोडताना मंद होणे स्वाभाविक आहे, त्याचेच ते नाव आहे. 'नॉन-स्पेसिफिक एस.टी.-टी. बदल' म्हणजे 'क्यूआरएस'नंतरच्या रेषेत काही वेगळे आहे, पण त्यावरून एका कारणावर बोट ठेवता येत नाही. रक्तातील पोटॅशियम, जुना रक्तदाब, औषधे अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. 'एट्रियल फिब्रिलेशन' हे शब्द मात्र दुर्लक्षू नयेत. त्यात वरचे कप्पे अनियमित थरथरतात, आत गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेल्यास पक्षाघात होऊ शकतो. हे शब्द छापलेले दिसले, तर ज्यांनी चाचणी सांगितली त्यांना कागद त्याच दिवशी दाखवावा.

रिपोर्टमध्ये 'ब्लॉक' लिहिले आहे. म्हणजे नस बंद झाली का?

या एका शब्दाने जितकी घरे हादरवली, तितकी दुसऱ्या कोणत्याही शब्दाने हादरवली नसतील. म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

आपल्या शहरात 'ब्लॉकेज' म्हटले की रक्तवाहिनीत साचलेली चरबी आणि त्यावर बसवलेला स्टेंट डोळ्यांपुढे येतो. ईसीजीतील 'ब्लॉक' हा रक्ताचा नसून विजेच्या वाटेचा असतो. खालच्या कप्प्यांत वीज दोन मुख्य शाखांतून उतरते. उजव्या शाखेत अडथळा असेल, तर 'आर.बी.बी.बी.' आणि डाव्या शाखेत असेल, तर 'एल.बी.बी.बी.' असे छापले जाते. उजव्या शाखेचा अडथळा अगदी निरोगी माणसांतही आढळतो आणि पुष्कळदा त्यावर कोणतेही उपचार लागत नाहीत. डाव्या शाखेचा अडथळा डॉक्टर अधिक गंभीरपणे घेतात आणि बहुधा टू-डी इको, म्हणजे ध्वनिलहरींची हृदयतपासणी, करायला सांगतात. 'फर्स्ट डिग्री ए.व्ही. ब्लॉक' म्हणजे वीज मधल्या नाक्यावर जरा जास्त वेळ थांबते, पण प्रत्येक वेळी पुढे जाते. 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक' म्हणजे ती पुढे जातच नाही. तेथे विलंब न करता रुग्णालय गाठावे लागते आणि अनेकांना पेसमेकर लागतो.

रक्तवाहिनी किती टक्के अरुंद झाली आहे, हे ईसीजीवरून कळत नाही. ते अँजिओग्राफीत दिसते. "ईसीजीत सत्तर टक्के ब्लॉकेज निघाले" असे कोणी सांगितले, तर दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे असे समजावे. अशीच गल्लत 'एल.ए.डी.' या अक्षरांची होते. ईसीजीवर ती अक्षरे विजेचा अक्ष डावीकडे झुकल्याचे सांगतात. अँजिओग्राफीच्या अहवालात तेच हृदयाच्या समोरच्या मुख्य रक्तवाहिनीचे नाव असते.

ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदयविकार नाही असे समजायचे का?

नाही. रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या माणसाचा स्वस्थ पडल्यावर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो, कारण त्या क्षणी हृदयाला पुरेसे रक्त मिळत असते. जिना चढताना ते कमी पडते. झटक्याच्या सुरुवातीलाही पहिला कागद निर्दोष दिसू शकतो. म्हणून छातीत दुखत असताना डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने ईसीजी पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे का हे पाहणारी ट्रोपोनिन ही रक्तचाचणीही ठरावीक अंतराने पुन्हा करतात. "एकदा काढला ना, आता घरी सोडा" असा हट्ट नातेवाइकांनी धरू नये.

छातीत दुखू लागले, तर आधी जवळच्या लॅबमध्ये ईसीजी काढावा का?

काढू नये. छातीवर दगड ठेवल्यासारखा भार, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणारे दुखणे, थंड घाम, धाप अशी लक्षणे काही मिनिटांत ओसरली नाहीत, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे आपत्कालीन विभाग आहे अशा रुग्णालयात जावे. तेथे पोहोचल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा, असा वैद्यकीय दंडक आहे. झटक्यात हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. लॅबच्या रांगेत गेलेला अर्धा तास परत मिळत नाही. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नये. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रिया यांच्यात छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. नुसती मळमळ, धाप किंवा कारण नसलेला थकवा एवढेच दिसते. "गॅस झाला असेल" म्हणून ओवा चावत बसण्याचा मोह येथे फार महाग पडतो.

मग इको, टीएमटी आणि होल्टर कशासाठी असतात?

ईसीजी वीज दाखवतो, टू-डी इको ध्वनिलहरींनी झडपा आणि आकुंचनाचा जोर दाखवतो. टीएमटीमध्ये चालत्या पट्ट्यावर चालवून, हृदयावर ताण देऊन ईसीजी घेतात. अधूनमधून धडधड होऊन ती थांबत असेल, तर त्या १० सेकंदांत ती सापडणे हा योगायोगच. म्हणून २४ तास किंवा त्याहून अधिक काळ अंगावर बाळगण्याचे होल्टर यंत्र देतात. मनगटी घड्याळातील ईसीजी एकाच लीडचा असतो. अनियमित ठोका पकडायला त्याची मदत होते, पण झटका आहे की नाही हे ठरवायला त्यावर विसंबू नये.

डॉक्टर हिंदी बोलतात. मराठीतली तक्रार त्यांना कशी सांगावी?

हा प्रश्न पुण्या-मुंबईत कोणी विचारणार नाही, आपल्याकडे तो रोजचा आहे. घरात मराठी बोलणारे वृद्ध दुखण्याच्या घाईत मराठी शब्दांना हिंदी शेपूट जोडतात. "छाती में कळ आई" हे समोरच्याला 'कल' असे ऐकू येते आणि दुखणे काल झाले होते असा समज होतो. "दम लगता है" म्हटले की दम्याची नोंद होऊ शकते. तेथे 'साँस फूलती है' म्हणावे. भार वाटत असेल तर 'सीने में भारीपन', मळमळत असेल तर 'जी मिचला रहा है'. 'घबराहट' हा शब्द जपून वापरावा, कारण हिंदीत तो भीती, धडधड आणि अस्वस्थता या तिन्हींसाठी चालतो. ठोके जाणवत असतील तर 'धड़कन तेज़ लग रही है' असे स्पष्ट सांगावे. शब्द सुचला नाही, तर कोठे दुखते ते तळहात ठेवून दाखवावे. किती वाजता सुरू झाले, काय करत असताना झाले आणि किती वेळ टिकले, हे मात्र नक्की सांगावे.

ईसीजीचा कागद कसा जपावा?

हा कागद बहुधा उष्णतेने उमटणारा असतो. उन्हात, ओल्या हातात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला की काही वर्षांत रेषा पुसट होतात. लॅमिनेशन तर कधीच करू नये. एका गृहस्थांनी वडिलांचा झटक्याच्या वेळचा ईसीजी जतन व्हावा म्हणून लॅमिनेट करून आणला. उष्णतेने तो पाटीसारखा काळा झाला होता आणि त्यावर पाहण्याजोगे काही उरले नव्हते. कागद मिळाला त्याच दिवशी झेरॉक्स काढावी आणि मोबाइलवर फोटो घ्यावा. कागद सपाट पृष्ठभागावर ठेवून, सरळ वरून, सावली न पाडता फोटो काढावा. नाव, तारीख आणि कडेची चौकोनी मापखूण (रेषांची उंची मोजण्याचे प्रमाण) त्यात आली पाहिजे.

पुढच्या वेळी नव्या ईसीजीसोबत जुना नेलाच पाहिजे. समोरचा बदल आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांना दुसरीकडे कोठेही मिळत नाही. मी रुग्णांना झेरॉक्सच्या पाठीमागे एक ओळ लिहायला सांगत असे: चाचणी का केली. आमच्या एका शेजारीणबाईंच्या कागदामागे लिहिले आहे, "संक्रांत, तिळगूळ वाटून आल्यावर जिन्यात धाप, पाच मिनिटे." पुढच्या वर्षी त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांनी पुढच्या बाजूच्या रेषांआधी ती ओळ मला हिंदीत वाचून दाखवायला सांगितली.